एका खड्ड्यावरची सही

बेलापूर, नवी मुंबई
९ फेब्रुवारी २०२५

आदरणीय मामा,
सविनय जयभीम.

तुमचे कान गेल्यापासून फोनवर तुमच्याशी बोलणं म्हणजे अख्ख्या ऑफिसला घरच्या भानगडी ऐकवणं झालंय. मोबाइलवर लिहून पाठवलेलं तुम्ही वाचत नाही, कारण तो डबा तुमच्या मते रिकामटेकड्यांसाठी आहे. तेव्हा कागद-पेन घेतलंय. तंत्रनिकेतनात जन्मभर पोरांना माती शिकवलेल्या माणसाला भाचीचं अक्षर वाचता येईल अशी आशा आहे.

दिवाळीत मामीनं मला विचारलं होतं, तू नेमकं काम काय करतेस गं. माझ्याआधी तुम्हीच उत्तर दिलंत की ही समुद्रात खांब उभे करते, दुसरं काय. सगळे हसले, मीही हसले. पण मामा, खांब उभे करणारे वेगळे. ते उभे राहतील की नाही हे सांगते ती मी.

सध्या हातात आहे तो एक जुना तेलाचा प्लॅटफॉर्म. किनाऱ्यापासून इतका लांब की हेलिकॉप्टरनं जावं लागतं. लोखंडी सांगाड्याचे चार पाय, आणि प्रत्येक पायातून एकेक पोलादी पाइल समुद्राच्या तळातल्या चिकणमातीत खोल ठोकलेली. पाइल म्हणजे आपली मेख समजा, फक्त ताडाहून कितीतरी लांब. वर चाळीसेक माणसं राहतात, जेवतात, झोपतात. प्लॅटफॉर्मचं ठरलेलं आयुष्य संपलंय आणि मालकांना तो अजून पंधरा वर्षं वापरायचाय. पावसाळी लाटांत पाया धरून राहील का, ते आम्ही सांगायचं. तुमच्यासारखं टेबल ठोकून नाही. पाया सुटण्याची शक्यता किती, ते आकड्यात.

आकडा सुंदर आलाय. एका पाइलची पकड कमी निघण्याची शक्यता मी दहात एक धरली, अगदी हात राखून. पण एक कच्ची निघाली तर बाकीच्या तीन भार घेतात. चारही एकदम कच्च्या निघायला हव्यात, आणि ते दहा हजारांत एकदा. तळातल्या मातीचे नमुने काढायला तिथे बोअर एकच घेतलेलं आहे, तेही प्लॅटफॉर्म बांधायच्या आधीचं आणि जरा बाजूला, पण तेवढ्यावर काम भागतं. आमचे ओमप्रकाश सर, ज्यांना स्वतःच्या खुर्चीखेरीज दुसऱ्या कशाचाही पाया ठाऊक नाही, तेसुद्धा खूश आहेत. एप्रिलअखेर अहवालावर सही होईल. माझ्या एकटीची, मामा. पहिल्यांदाच.

मामीला जयभीम सांगा.

तुमची,
मेघा


पिंपळझरी, आंजीजवळ, जि. वर्धा
२० फेब्रुवारी २०२५

चि. मेघास,
जयभीम.

पत्र मिळालं. अक्षर कोंबडीनं उकरल्यासारखं आहे, पण वाचलं.

शक्यता म्हणे. ज्याला ठाम बोलायची हिंमत नसते तो शक्यता सांगतो. वर्ध्याच्या स्टँडबाहेर पोपट घेऊन एक जण बसतो. त्याचा पोपटही पाकीट काढून शक्यताच सांगतो, फक्त तो पगार घेत नाही. दहा हजारांत एक. मग तो एक कोणता, हे कोण सांगणार? ज्या वर्षी पाया सुटेल त्या वर्षी त्या चाळीस जणांच्या बायकांना काय कळवणार आहेस, की बाई, तुमचा नंबर दहा हजारांतून लागला?

आम्ही तीननं भागायचो. माती जेवढा भार पेलेल असं हिशेबात येतं, त्याच्या एक तृतीयांशच भार तिच्यावर द्यायचा. झालं. यालाच आम्ही सुरक्षा म्हणायचो आणि रात्री झोपायचो. तुमच्या पिढीला भागाकार कमीपणाचा वाटतो म्हणून तुम्ही कॉम्प्युटर जाळत बसता.

परवाचंच उदाहरण देतो. बंडूजी आले होते. आमच्या विहार समितीचे अध्यक्ष. हे गृहस्थ स्वतः ग्रामसेवकाच्या नोकरीतून निवृत्त झाले आणि तेव्हापासून गावात दुसऱ्या कुणाला निवृत्त होऊ देत नाहीत. विहारावर एक मजला चढवायचा आहे, पोरांसाठी अभ्यासिका. वर्षावास संपेल तेव्हा, आश्विन पौर्णिमेला उद्घाटन. जुना पाया पेलेल का, हे मी सांगायचं. मी पूर्वेच्या कोपऱ्याशी खड्डा खोदायला लावला. त्या बाजूला मोकळी जागा आहे, फरशी फोडावी लागत नाही. कमरेइतकं खोल गेल्यावर मुरूम लागला, असा पक्का की टिकाव उसळत होता. पायाची रुंदी मोजली, भार काढला, तीननं भागलं आणि चहा निवायच्या आत सही दिली.

याला काम म्हणतात. तुझ्या मामीनं लसणाची चटणी पाठवायचं म्हटलं आहे. मी म्हटलं, आधी तिच्या चटणीला धक्का न लागण्याची शक्यता विचारून घे.

तुझा मामा,
नानाजी


बेलापूर
८ मार्च २०२५

आदरणीय मामा,
जयभीम.

तुमचं पत्र वाचून एवढी हसले की शेजारच्या टेबलावरची रक्षा विचारायला आली, काय झालं म्हणून. तिला सांगितलं की आमच्या गावात एक थोर अभियंता आहेत, ते एका खड्ड्यावर इमारत पास करतात.

एक खड्डा, मामा? अख्ख्या विहाराला? आणि तो कुठे, तर जिथे फरशी फोडावी लागत नाही तिथे. म्हणजे माती तपासायची जागा तुम्ही मातीकडे बघून नाही ठरवलीत, फरशीकडे बघून ठरवलीत. आपल्याकडे एकाच वावराच्या दोन धुऱ्यांवर दोन तऱ्हेची जमीन निघते, हे मला कुणी सांगितलं होतं? तुम्हीच, बैलबंडीत बसवून. तेव्हा तुम्हाला ऐकूही यायचं आणि विचारही करता यायचा. पूर्वेच्या मुरमानं पश्चिमेच्या कोपऱ्याची हमी कधी घेतली?

आणि तुमचा तो तीन. तो कुठून आला हो? कुणीतरी पुस्तकात लिहिला, तुम्ही पाठ केलात आणि पोरांकडून पाठ करून घेतलात. तीननं भागता म्हणजे काय करता, तर जे ठाऊक नाही त्याच्यावर चादर टाकता. चादरीखाली काय आहे ते उचलून बघत नाही. मी निदान चादर उचलते आणि खाली काय किती आहे ते मोजते. याच खड्ड्यावर एखाद्या पोरानं तुमच्यापुढे प्रोजेक्ट आणून ठेवलं असतं तर तुम्ही ते त्याच्या तोंडावर फेकलं असतं.

चटणी धक्का न लागता पोचली. मामीला सांगा, तिच्या बरणीवर माझा तुमच्या सहीपेक्षा जास्त विश्वास आहे.

मेघा


पिंपळझरी
१९ मार्च २०२५

मेघा,

तुझं पहिलं पत्र पुन्हा काढून वाचलं. त्यात एक वाक्य आहे, भाजीत चिमूटभर मीठ टाकावं तसं टाकून तू पुढे गेलीस. ‘तिथे बोअर एकच घेतलेलं आहे, जरा बाजूला.’

मला एका खड्ड्यावरून हसतेस? माझा खड्डा निदान विहाराला चिकटून आहे. तुझं बोअर प्लॅटफॉर्मच्या जागेवरही नाही. तुझ्याजवळ आकडे आहेत म्हणून तुझं अज्ञान इस्त्री केलेलं दिसतं, एवढाच काय तो फरक. माझं चुरगळलेलं आहे. कपडा एकच आहे, बाई.

आणि माझा खड्डा मी उद्या दुसरा खोदू शकतो. तू समुद्रात खोदून दाखव.

खोदणारच आहे. तुझं तोंड बंद व्हावं म्हणून, दुसऱ्या कशासाठी नाही. पश्चिमेच्या कोपऱ्याला, फरशी फोडून. मुरूम लागला की त्याचं एक ढेकूळ पार्सलनं पाठवतो. टेबलावर ठेव आणि त्या रक्षाला दाखव.

नानाजी


पिंपळझरी
१६ एप्रिल २०२५

मेघा बाई,
जयभीम.

मी कमलामामी लिवून राह्यली, तुह्या मामाले न सांगता. तुमी दोघं एकमेकाले काय लिवता ते मले मालूम नाई. पन तुह्या पत्रापासून हा मानूस पागल झाल्यावानी करून राह्यला.

आंधी विहाराची फरशी फोडली. चांगली गुळगुळीत फरशी, दर पौर्निमेले मीच पुसत होती. बंडूजी म्हने, सर, जयंती तोंडावर आली अन् तुमी फरशी काऊन फोडून राह्यले? तर हे म्हने, भाचीचं तोंड बंद करायचं हाय. सांग आता. गावापुढं असं बोलते का कोनी?

मंग खड्डा खंदला. दुसऱ्या दिवशी आखीन एक खंदला, मधल्या भिंतीपाशी. तवापासून धड जेवन नाई. खाटेवर बसते अन् माती बोटावर घेऊन चोळत राह्यते. मी म्हनलं, तमाखू हाय का ते? तर मायाकडं असं पाह्यलं का जशी मीच गुन्हेगार हाय. जयंतीच्या मिरवनुकीतबी मांगं मांगं चालले. लोक हासून राह्यले. म्हन्ते, सर विहाराखालचं गुप्तधन शोधून राह्यले.

दोघंबी इंजिनेर, अन् अक्कल एकालेबी नाई. त्याइले ढंगाचं एक पत्र लिवजो. नाईतर सुट्टी काढून येजो अन् तूच समजावजो.

तुही मामी,
कमला


बेलापूर
२७ एप्रिल २०२५

आदरणीय मामा,
जयभीम.

ढेकूळ आलं नाही. म्हणजे मुरूम लागला नाही. मामीनंही कळवलं, तिच्यावर रागावू नका. खरं तर मला नाचायला हवं होतं. पण नाचावं असं इकडे काही उरलेलं नाही.

तुमचं ते इस्त्रीचं पत्र वाचून मी इतकी भडकले की तुम्हाला मूर्ख ठरवण्यासाठी माझा सगळा हिशेब पुन्हा उघडला. तिथे चूक सापडली. तुमची नाही, माझी. मी शक्यता चारदा गुणली होती. दहात एक, गुणिले दहात एक, असं चार वेळा, जणू प्रत्येक पाइल आपल्या आपल्या नशिबाची. पाइल चार वेगळ्या असतील मामा, पण त्यांच्याबद्दलचं माझं अज्ञान एकच आहे. ते एक बोअर जर प्लॅटफॉर्मखालच्या मातीबद्दल खोटं बोलत असेल, तर ते चारही पाइलबद्दल एकदमच खोटं बोलतंय.

मागच्या खरिपात तुम्ही दोन्ही वावरांत एकाच लॉटचं सोयाबीन पेरलंत. एकात नाही उगवलं तर दुसरं आहेच, म्हणालात. बियाणंच बोगस निघालं आणि दोन्ही वावरं उघडी राहिली. तेव्हा मी तुम्हाला फोनवर किती बोलले होते, ऐकू आलं असेल तेवढं आठवा. मी तेच केलंय. एकच थैली चार वावरांत पेरली आणि चार वावरं आहेत म्हणून ऐटीत हिंडले. शिकलेल्या माणसाची चूकसुद्धा कशी, दशांश चिन्हापर्यंत अचूक.

दहा हजारांत एक होतं ते आता दहात एक झालंय. आणि मोठी लाट यायला पुढे वर्षं आहेत पंधरा.

ओमप्रकाश सरांना दाखवलं. ते म्हणाले, इतके पावसाळे उभा राहिलाय, हा पुरावा नाही का? थोडासा आहे, मी म्हटलं. पण ज्या लाटेसाठी तो मोजायचा ती लाट त्याच्यावर अजून आलेलीच नाही. नवीन बोअर घ्यायला खास जहाज लागतं, ते पावसाळ्याआधी मिळणार नाही. म्हणून मी सुचवलं की बोअर होईपर्यंत समुद्र फार खवळेल त्या दिवसांत माणसं किनाऱ्यावर आणून ठेवा. यावर सर खुर्चीत मागे रेलून जे हसले ते मला जन्मभर दिसत राहील. म्हणाले, ‘मेघा, जुना आकडाच पाठवून दे. तोसुद्धा तूच काढलास ना?’

तीस तारखेला सही मागतील. नाही केली तर मी इथे कुठे असेन ते मला ठाऊक नाही. केली तर चाळीस माणसं कुठे असतील तेही ठाऊक नाही.

तुमच्या पश्चिमेच्या कोपऱ्यात काय निघालं? चिडवायला नाही, खरंच विचारतेय.

मेघा


पिंपळझरी
६ मे २०२५

चि. मेघास,
जयभीम.

तुझं पत्र आज मिळालं. पोस्टमन आंजीच्या बाजारात पत्रं वाटतो आणि आमच्या गावाला लागलीच तर चक्कर मारतो. तीस तारीख उलटून गेली. सही केली असशील तर पुढचं वाचू नकोस, तुझ्या कामाचं नाही.

पश्चिमेला काळी माती निघाली. खोदणारा माणूस डोक्यासकट आत गेला तरी काळीच, शिवाय ओलीगच्च. उन्हाळ्यात फाटणारी आणि पावसाळ्यात फुगणारी. मी तीस वर्षं फळ्यावर जिची चित्रं काढली तीच. मधल्या भिंतीशी तिसरा खड्डा घेतला तर राख, खापरं, कुजलेला कडबा. कधीकाळी तिथे खदान असावी, गावानं केरकचरा टाकून बुजवली. अर्धा विहार मुरमावर आहे आणि अर्धा उकिरड्यावर. तळमजला हलका, म्हणून आजवर निभावलं. वरून मजला चढला की दोन्ही अर्ध्यांचं पटेल का, मला सांगता येत नाही. बघ, मीही सांगता येत नाही असं म्हणायला लागलो. पण तीननं काय, तीसनं भागलं असतं तरी जे बघितलंच नाही ते भागलं जात नाही.

सही परत घेतली. समितीपुढे उभा राहून, सगळ्यांदेखत. बंडूजी म्हणाले, ‘सर, दोन महिन्याआंधी तुमीच सही देल्ली. तवा माती दुसरी होती काय?’

लोक हसले. वर्गात कधी कुणाची माझ्यापुढे हसायची छाती झाली नव्हती. मी सांगायला गेलो की पश्चिमेची भिंत खालून नव्यानं बांधून घ्या, मग मजला चढवा. मागून कुणीतरी म्हणालं की सरांचं आता वय झालं. मोठ्यानं म्हणालं असणार, कारण मलाही ऐकू आलं.

दुसऱ्या आठवड्यात त्यांनी वर्ध्याहून एक पोरगेला इंजिनियर आणला. त्यानं मोटरसायकलवर बसल्या बसल्या सही दिली. हेल्मेटही काढलं नाही, खड्डे पाहणं तर दूरच. खड्डे बुजवून फरशी नीट केली आहे. विटांचा ट्रक काल येऊन पडला.

सही केली नसशील तर करू नकोस. तोंडावर पडायचं असतं ते चारचौघांत पडलेलं बरं, असं मी आता म्हणू शकतो. नुकताच पडलो आहे.

तुझा,
नानाजी


बेलापूर
१२ ऑक्टोबर २०२५

आदरणीय मामा,
जयभीम.

पाच महिने लिहिलं नाही. तुमचं मे महिन्यातलं पत्र आलं तेव्हा सगळं होऊन गेलं होतं. सही केली नव्हती. तुम्ही सांगायच्या आधीच नाही म्हटलं होतं, तेव्हा हे श्रेय तुम्हाला मिळायचं नाही.

अहवाल जुन्याच आकड्यासकट गेला. सही ओमप्रकाश सरांनी स्वतः केली, आणि करताना मला समोर उभं केलं. जूनपासून मी टेंडरचे कागद जुळवते. पान क्रमांक बरोबर आहेत ना, शिक्का सरळ आहे ना. माझ्या हाताखाली शिकलेली पोरं माझ्याकडे स्टेपलर मागायला येतात.

ऑगस्टमध्ये समुद्र खवळला. ऑफिसच्या मोठ्या पडद्यावर लाटांची उंची दर तासाला बदलायची. कुणाचंच लक्ष नव्हतं, मी एकटी सकाळपासून जेवणाच्या सुट्टीतसुद्धा तिथेच उभी होते. माणसं उतरवली नव्हती. दुपारी लाटा चढत गेल्या तेव्हा माझ्या मनात काय आलं ते तुम्हाला सांगते, दुसऱ्या कुणाला सांगायची लाज वाटते. मला वाटलं, तो प्लॅटफॉर्म कलावा. थोडा तरी कलावा. सरांचा फोन वाजावा आणि त्यांचा चेहरा मला बघायला मिळावा. असं मी बराच वेळ, चांगलं मन लावून इच्छिलं. मग वाऱ्यानं दिशा बदलली, आकडे उतरले, आणि मला वाईट वाटलं. वाईट, मामा. तो उभा राहिला म्हणून.

दुसऱ्या दिवशी सरांनी प्लॅटफॉर्मचा फोटो छापून आणला आणि त्याच्याबरोबर एक मोतीचूर लाडू माझ्या टेबलावर ठेवला. फोटोखाली लिहिलं होतं, अजून उभा आहे. सगळा मजला हसला. रक्षासुद्धा.

आता या मोसमात बोअरचं जहाज येणार आहे, दुसऱ्याच एका प्लॅटफॉर्मसाठी. सर परवा म्हणाले की तुला एवढी हौस असेल तर आपल्याही जागेवर एक बोअर घ्यावं असा प्रस्ताव लिही, कंपनीच्या नावानं मालकांकडे पाठवू, मंजूर झालं तर झालं. म्हणजे मेहनत माझी, नाव यांचं, आणि माती चांगली निघाली तर परत लाडू. मी म्हटलं, मी तुमची कारकून नाही. महिनाअखेर राजीनामा देतेय. यांच्या त्या प्लॅटफॉर्मचं काय व्हायचं ते होवो. कधी ना कधी कळेलच यांना.

मेघा


पिंपळझरी
२२ ऑक्टोबर २०२५

चि. मेघास,
जयभीम.

राजीनामा देतेस. छान. फार मोठं काम करतेस, पेढे वाटू.

आता माझं ऐक. आश्विन पौर्णिमेला विहाराच्या वरच्या मजल्याचं उद्घाटन झालं. रंग दिला, फिती लावल्या, अख्खी वस्ती वर चढली, आंजीहूनही पाहुणे आले. मी समोर हातपंपाच्या ओट्यावर बसलो. वर जाणार नाही, असं मी कमलाला सकाळीच सांगितलं होतं. ती म्हणाली, तुमचं तुमी पाहा, मी जाते. बंडूजी मला बोलवायला खाली आले, पोरं मागे घेऊन. म्हणाले, सर, या नं वर, मजला पडत नाई. पोरं हसली. मी मान फिरवली.

खाली बसून मी पश्चिमेच्या भिंतीकडे बघत होतो. वर वंदना सुरू झाली असावी, मला काही ऐकू येत नाही. खिडक्यांतून डोकीच डोकी दिसत होती. एवढी माणसं त्या भिंतीनं आजवर कधी पेलली नव्हती. आणि माझ्या मनात आलं की आता एक तडा जावा. फार नाही, वरपासून खालपर्यंत एकच, बंडूजींना दिसेल आणि पोरांना दिसेल एवढा. मी अक्षरशः वाट बघत होतो. डोळे मिटू देत नव्हतो.

मग माझ्या लक्षात आलं की कमला त्या भिंतीला पाठ लावून बसलेली असणार. गुडघ्यामुळे तिला मधे बसता येत नाही.

मला स्वतःची एवढी घाण कधी वाटली नव्हती. उठलो, चपला काढल्या आणि वर गेलो. होती तिथेच, भिंतीला टेकून. तिच्या शेजारी बसलो. शास्त्राप्रमाणे हा गाढवपणा आहे, कच्च्या बाजूवर आणखी एका माणसाचं वजन वाढलं, बाकी काही झालं नाही. बंडूजींनी सगळ्यांकडे बघून मान डोलावली, सर हरले म्हणून. कमला फक्त थोडी सरकली.

दुसऱ्या दिवशी त्या भिंतीच्या गिलाव्यात केसाएवढी एक भेग दिसली. ती नवीन रंगाची असेल किंवा पायाची असेल, मला सांगता येत नाही. म्हणून काचेच्या पातळ पट्ट्या कापून आणल्या आणि भेगेवर आडव्या सिमेंटनं चिकटवल्या. भिंत जरा सरकली तरी आधी काच तडकते. अभ्यासिकेतल्या पोरांना सांगून ठेवलं आहे की काच तडकलेली दिसली की कुणी वर थांबायचं नाही, आधी मला हलवून उठवायचं. बंडूजी गावभर सांगत फिरतात की सर आता भिंतीला बांगड्या भरतात. सांगोत बापडे. निदान ते आता भिंतीकडे बघतात तरी.

तू राजीनामा देशील, घरी बसशील आणि दर पावसाळ्यात तो प्लॅटफॉर्म कलायची वाट बघशील. चाळीस माणसांसकट. एखाद्या वर्षी तो कललाच तर तुझा ओमप्रकाश तोंडावर पडेल आणि तू बरोबर ठरशील, आणि त्यापलीकडे तुझ्या हातात काही नसेल. मी हे फक्त एक संध्याकाळ केलं. पुरे झालं.

प्रस्ताव लिही. चांगला लिही, तुझ्या त्या दशांशांसकट. नाव कुणाचं जायचं ते जाऊ दे. बोअरमध्ये चांगली घट्ट माती निघाली तर तू सगळ्या ऑफिसपुढे मूर्ख ठरशील आणि तो माणूस पुन्हा लाडू आणून ठेवेल. खा तो लाडू. आणि वाईट माती निघाली तर पुढच्या पावसाळ्याच्या आत माणसं उतरवायला तुझ्याजवळ कागद असेल.

मी रोज सकाळी विहारात जाऊन काच बघून येतो. आजही शाबूत होती. बरं वाटलं.

तुझा मामा,
नानाजी